'मॅडम, सात आलंय'

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते: डिस्प्लेवर नुसता आकडा दाखवला म्हणजे आपण कुणाला काही सांगितलं असं होत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून आज फक्त एरर कोडबद्दल, म्हणजे बिघाड झाला की यंत्र दाखवतं त्या आकड्याबद्दल, बोलायचं ठरवलं. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

पहिलं पत्र: मी पिंपरी-चिंचवडला फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) लिहितो. आमच्या कंट्रोलरमध्ये साठेक एरर कोड आहेत. कोडची यादी हेडर फाइलमध्ये, मेसेज दुसऱ्या फाइलमध्ये आणि मॅन्युअलचा तक्ता एक्सेलमध्ये. दर रिलीजला तिन्हींत काहीतरी वेगळं निघतं. गेल्या महिन्यात २३ नंबरला 'दार उघडं आहे' असा मेसेज आला, प्रत्यक्षात सेन्सरची वायर तुटली होती. नीट पद्धत काय? आमचे सीनियर म्हणतात, मेसेज ठेवूच नका, फ्लॅश (चिपमधली कायमची मेमरी) फुकट जाते.

उत्तर देण्याआधी एक प्रसंग सांगते, कारण या विषयातलं माझं सगळं मत तिथून आलं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी बल्क मिल्क कूलरचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत होते. संध्याकाळी गावातलं दूध केंद्रावर गोळा होतं, ते टाकीत ओतून ४ अंशांपर्यंत गार करून ठेवतात, सकाळी टँकर येऊन घेऊन जातो. रात्री कूलर बंद पडला की सकाळी अख्ख्या गावाचं दूध नासलेलं. आमच्या पॅनेलवर दोन आकड्यांचा लाल डिस्प्ले होता. बिघाड झाला की त्यावर नंबर लुकलुकायचा आणि त्या नंबरचा अर्थ मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर. सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावरून रात्री साडेअकराला फोन आला. "मॅडम, सात आलंय." मॅन्युअल माझ्याजवळही नव्हतं. लॅपटॉप काढला, सोर्स कोड उघडला, त्यात सात शोधला आणि मग सांगितलं, कंडेन्सरचा पंखा अडकलाय का बघा.

पंधरवड्याने त्या केंद्रावर गेले. पॅनेलच्या दाराला आतून वहीचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यावर मार्करने लिहिलेलं: '७ = मागला पंखा. काडी घालून फिरव.' खाली '१२ = लाईट कमी. थांब.' आणि त्याच्या खाली '४ = काय कळत नाही. मॅडमला फोन.'

ते पान मी बराच वेळ बघत उभी होते. पंख्यात काडी घालणं किती धोक्याचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या माणसाला ती ओळ लिहावी लागली, कारण 'आधी मेन स्विच बंद करा, मग जाळीवरचा कचरा काढा' हे आम्ही कुठेच त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलं नव्हतं. आम्ही आकडा देऊन मोकळे झालो होतो. भाषांतर त्याने केलं, रात्री, बॅटरीच्या उजेडात, स्वतःचं बोट पणाला लावून.

म्हणून तुमच्या सीनियरना माझं सांगणं आहे की मेसेजला लागणारी फ्लॅश फुकट जात नाही. हिशेबच करू. साठ दोष, प्रत्येकाला दोन वाक्यं, एक काय झालं आणि दुसरं काय करायचं. एका वाक्यात काना-मात्रा धरून तीसेक खुणा. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे दोषामागे १८० आणि सगळे मिळून १०,८०० बाइट. ६४ केबी फ्लॅशच्या चिपवर हा सहावा हिस्सा झाला. इंग्रजीत तेच ३,६०० बाइटांत बसतं. जागा खरोखरच नसेल तर चिपमध्ये आकडाच ठेवा आणि मेसेजचा तक्ता डिस्प्लेच्या कार्डात किंवा मोबाइल ॲपमध्ये ठेवा. पण तो कुठेतरी, माणूस उभा आहे तिथे, असला पाहिजे. आणि तक्त्याला 'कॉन्स्ट' (हा मजकूर बदलणार नाही, ही सी भाषेतली खूण) लावायला विसरू नका. मजकूर स्ट्रक्चरच्या आत अक्षरांच्या ॲरेत ठेवलेला असेल आणि कॉन्स्ट नसेल, तर सुरू होतानाच सगळा तक्ता रॅममध्ये कॉपी होतो. २० केबी रॅममधले अर्ध्याहून जास्त त्यातच गेले, आणि बिचारा इंजिनिअर स्टॅक (रॅममधली प्रोग्रॅमची तात्पुरती कामाची जागा) का फुटतोय म्हणून दोन दिवस शोधत बसतो.

आता तीन याद्यांचं. तीन याद्या हाताने सारख्या ठेवणं कुणालाच जमत नाही, तुम्ही कमी पडलात असं समजू नका. यादी एकच ठेवायची. एक स्वतंत्र फाइल, दर दोषाची एक ओळ, उदाहरण देवनागरीत लिहिते:

दोष(पंखा_अडकला, ७, "मागचा पंखा फिरत नाही", "मेन स्विच बंद करून जाळी साफ करा")

'दोष' हा मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होण्याआधी आपण ठरवलेल्या मजकुरात बदलणारा शब्द. ही फाइल तीनदा इन्क्लूड करायची आणि दर वेळी आधी मॅक्रोची व्याख्या बदलायची. पहिल्या वेळी व्याख्या अशी की नाव आणि नंबर तेवढे उचलले जाऊन एनम (नावं आणि त्यांचे नंबर यांची यादी) तयार होतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळीची स्विचमधली (नंबर बघून वाट निवडणाऱ्या रचनेतली) एक केस होते आणि ती मेसेज परत देते. तिसऱ्या वेळी पीसीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम त्याच फाइलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला तक्ता) छापतो, तीच मॅन्युअलमध्ये जाते. एक्सेल हाताने भरणं बंद. याला एक्स-मॅक्रो म्हणतात, युक्ती जुनी आहे. दिसायला जरा विचित्र वाटते आणि कोड रिव्ह्यूला कुणीतरी नाक मुरडतंच, तरी वापरा.

ॲरेऐवजी स्विच का म्हणाल, तर दोन दोषांना चुकून एकच नंबर दिला तर एनम काहीच बोलत नाही, सी भाषेत ते चालतं. ॲरेत नंबराच्या जागी मजकूर भरलात तर नंतरचा आधीच्याला गुपचूप पुसून टाकतो, कंपायलरकडून इशारा हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. स्विचमध्ये मात्र तीच केस दोनदा आली की बिल्ड तिथेच थांबतो. आणि बाकी कुठे दोषांवर हाताने स्विच लिहिलात तर त्यात 'डीफॉल्ट' (उरलेल्या सगळ्यांसाठीची वाट) घालू नका. नवा दोष यादीत आला आणि स्विचमध्ये राहिला, तर डीफॉल्ट नसतानाच जीसीसी हा कंपायलर '-डब्ल्यू-ऑल' या इशाऱ्यांच्या पर्यायाखाली तुम्हाला सांगतो. डीफॉल्ट असला की तो गप्प. 'अनोळखी दोष' हे उत्तर स्विचच्या बाहेर, फंक्शनच्या शेवटी द्या आणि त्यात नंबर छापाच.

जुना नंबर नव्या दोषाला कधीही देऊ नका. दोष काढून टाकला तरी त्याची ओळ 'निवृत्त' म्हणून राहू द्या. कुठल्या तरी केंद्रावर जुन्या नंबरचा कागद अजून चिकटवलेला असतो.

तुमच्या २३ नंबरची गोष्ट मात्र नुसत्या यादीची वाटत नाही. माझा अंदाज असा की खालच्या थराला खरं कारण माहीत होतं आणि वर येता येता ते हरवलं. एसटीएम३२ चिपसोबत मिळणाऱ्या हॅल या तयार लायब्ररीचं उदाहरण घेऊ. फंक्शन परत देतं ते चारच: ठीक, दोष, व्यग्र, वेळ संपली. आयटूसीवर (चिप आणि सेन्सर जोडणाऱ्या दोन तारांवर) नेमकं काय झालं ते हँडलमधल्या (त्या जोडणीची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्चरमधल्या) एरर कोडमध्ये, आणि तेही बिटांत: १ म्हणजे बस एरर, २ म्हणजे आर्बिट्रेशन हरलं, ४ म्हणजे समोरून ॲक (पोच) आलं नाही, ८ ओव्हररन, १६ डीएमए, ३२ टाइमआउट. तुटलेल्या वायरीला बहुधा ४ येणार, कारण पलीकडे उत्तर द्यायला कुणी नाही. पण मधल्या ड्रायव्हरने सगळ्याला 'उणे एक' असं एकच उत्तर दिलं, की वरच्याला 'सेन्सर वाचता आला नाही' आणि 'सेन्सर म्हणतोय दार उघडं आहे' यातला फरक कळायला मार्गच उरत नाही. ड्रायव्हरमधले 'उणे एक' शोधा, मला वाटतं तिथेच सापडेल. हेही लक्षात ठेवा की बिटांचा कोड तक्त्यात सरळ शोधता येत नाही. ३६ आलं तर तक्त्यात ३६ नसतो, ३२ आणि ४ असतात. एकेक बिट तपासून दोन्ही मेसेज द्यावे लागतात.

म्हणजे खालच्या थरांत कोड जसाच्या तसा वर जाऊ द्यायचा, त्याचं वाक्य करायचं ते सगळ्यात वरच्या थरात, एकदाच. आणि वाक्याशेजारी आकडाही दाखवायचा, कारण फोनवर माणूस वाक्य आपल्या शब्दांत सांगतो पण आकडा चुकवत नाही.

दुसरं पत्र: ताई, मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर लूपमध्ये थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. काही हजार थ्रेड झाल्यावर पीथ्रेड-क्रिएट फेल झालं, म्हणून मी पी-एरर बोलावलं, तर छापलं: 'थ्रेड: सक्सेस'. फेलही आणि सक्सेसही? सर म्हणाले कॉम्प्युटरचा घोळ असेल.

कॉम्प्युटरचा घोळ नाही. पण तू गोंधळलास यात तुझी चूक नाही, कारण ही पद्धत शिकवताना सहसा अर्धीच सांगतात.

युनिक्समधली जुनी फंक्शनं, म्हणजे ओपन, रीड, राइट वगैरे, फेल झाली की उणे एक परत देतात आणि कारणाचा नंबर 'एररनो' नावाच्या जागी ठेवतात. पी-एरर त्या जागेतला नंबर वाचून वाक्य छापतं. पीथ्रेडची फंक्शनं नंतरची. ती एररनोच्या वाटेला जात नाहीत, कारणाचा नंबर सरळ परत देतात. तू परत आलेला नंबर नुसता 'शून्य आहे का' एवढाच बघितलास आणि टाकून दिलास. एररनोमध्ये तेव्हा शून्य होतं आणि शून्याचं वाक्य आहे 'सक्सेस'. परत आलेला नंबर एका चलात ठेव आणि तो स्ट्र-एररला दे, ते त्या नंबराचं वाक्य देतं. बहुतेक ११ निघेल, लिनक्सवर त्याचं नाव ई-अगेन, वाक्य 'रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल'. थ्रेडची मर्यादा संपली. लूपमध्ये जॉइन (थ्रेड संपेपर्यंत थांबून त्याचा हिशेब मिटवणं) करत नाहीस ना?

आता पुढची चूक तू करायच्या आधीच सांगते, कारण ती मी नोकरीतल्या अनुभवी लोकांच्या कोडमध्येही पाहते. ओपन फेल झालं, मग लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहिली, एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) क्लोज केला, आणि मग एररनो वाचला. तोवर मधल्या कुठल्या तरी कॉलने तिथे आपला नंबर ठेवलेला असू शकतो. फेल झालं की पहिलं काम एररनोची प्रत करून ठेवणं, बाकी सगळं नंतर. उलट बाजूही आहे: कॉल यशस्वी झाला की एररनो शून्य होतो, असं नाही. लायब्ररी तो कधीच शून्य करत नाही. म्हणून आधी परत आलेली किंमत बघायची, ती वाईट असली तरच एररनोकडे जायचं. जुन्या प्रणालींवर छापायला सुरुवात करताना लायब्ररी समोर टर्मिनल आहे का हे तपासायची, समोर फाइल असली की एररनोमध्ये २५ राहायचा. आणि त्याचं तेव्हाचं वाक्य होतं 'नॉट अ टायपरायटर'. मेल पाठवण्यासारख्या कामात हे वाक्य पाहून लोक चक्रावून जात. नंबर खरा होता, फक्त तो भलत्याच घटनेचा होता.

स्ट्र-एरर-आर (अनेक थ्रेडमध्ये सुरक्षित असं स्ट्र-एरर) वापरणार असशील तर मॅन पेज, म्हणजे त्याचं माहितीचं पान, वाच. लिनक्सवर त्याचे दोन अवतार आहेत. पॉझिक्सचा (युनिक्ससाठीच्या प्रमाणाचा) अवतार तुझ्या बफरमध्ये (मजकुरासाठी राखलेल्या जागेत) मजकूर भरतो आणि पूर्णांक परत देतो. ग्नूचा अवतार पॉइंटर परत देतो आणि तुझ्या बफरला कदाचित हातही लावत नाही. जी++ या सी++ च्या कंपायलरवर आपोआप ग्नूचा मिळतो. बफर रिकामा दिसला तर कारण हे. आणि २०२० मध्ये आलेल्या जी-लिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) २.३२ पासून वाक्याऐवजी 'ई-अगेन' हे नावच देणारं फंक्शनही आहे. लॉगमध्ये मी तेच छापते, कारण नाव सर्च करता येतं आणि यंत्राची भाषा बदलली तरी ते बदलत नाही.

तिसरं पत्र: नाशिकला माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे. लिनक्सच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' येतं, कधी -११०. शोधलं तर ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर. त्यातून मी काय घ्यायचं? आणि उणे कशाला? शिवाय विंडोजवर येणारे लांबलचक कोड कसे वाचायचे?

उणे कशाला ते आधी. कर्नलच्या आत एकच उत्तर दोन कामं करतं. रीड यशस्वी झालं तर किती बाइट वाचले ती संख्या, शून्य किंवा जास्त. फेल झालं तर कारणाचा नंबर उणे करून. म्हणजे चिन्ह बघून कळतं. साध्या प्रोग्रॅमपर्यंत येताना सी लायब्ररी ते चिन्ह उलटं करून एररनोमध्ये ठेवते, म्हणून तिथे ७१ अधिक दिसतो. डीमेसेज हा कर्नलचाच आवाज असल्यामुळे तिथे उणे.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही केलंत ते तक्त्यातून भाषांतर, आणि ते अपुरं पडलं ते तुमच्यामुळे नाही. या नंबरांची नावं जुनी आणि थोडी आहेत, कर्नलचे सगळे विभाग तीच वापरतात, आणि प्रत्येक विभागात त्यांना स्थानिक अर्थ येतो. यूएसबीत ७१ चा अर्थ होतो की तारेवरून आलेले बिट बिघडलेले होते किंवा पलीकडून वेळेत उत्तरच आलं नाही. म्हणजे केबल, पोर्ट, हब, वीज. पेन ड्राइव्ह पुढच्या पॅनेलवरून काढून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावून बघा, दुसऱ्या मशीनवर बघा. तिथेही ७१ आला तर ड्राइव्हच गेला. ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, तपासणीचा क्रम तोच. ८४ दिसला तर सीआरसी (बिट बरोबर आले का ते तपासायचा आकडा) जुळला नाही. आणि ३२ आला तर तक्ता 'ब्रोकन पाइप' म्हणेल. त्याचं मराठी कुणी 'तुटलेली नळी' केलं तर वाचणारा नळी शोधत बसेल. यूएसबीत ३२ म्हणजे समोरच्या उपकरणाने 'मला हे करता येत नाही' म्हणून नकार दिला, केबल बहुधा ठणठणीत असते.

दुकानाच्या वहीत नंबर लिहिताना शेजारी कुठल्या प्रणालीवर आला तेही लिहा. टाइमआउट तुमच्या लिनक्स पीसीवर ११०, मॅकवर ६०, आणि मिप्स प्रोसेसरच्या राउटरवर लिनक्स असूनही १४५. ३५ तर त्याहून फसवा. लिनक्सवर तो डेडलॉक (दोन कामं एकमेकांची वाट पाहत अडकणं), मॅकवर तोच ई-अगेन. बरं एक झालंय, कर्नल ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तर डीमेसेजमध्ये आकड्याऐवजी नाव छापता येतं. जुन्या ड्रायव्हरांत ते हळूहळू येतंय.

विंडोजचंही विचारलंय तुम्ही शेवटी, थोडक्यात: हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ८००७०००५ असा लांब आकडा आला की पहिला ८ म्हणजे फेल, मधला ७ म्हणजे हा साधा विंडोजचाच कोड आहे, शेवटचा ५ खरा नंबर. ५ म्हणजे ॲक्सेस डिनाइड. मधे ७ असला की शेवटचे चार हेक्स आकडेच वाचायचे.

चौथं पत्र: आम्ही कोल्हापूरला फौंड्रीच्या भट्ट्यांचे पॅनेल करतो. कामगारांसाठी मेसेज मराठीत द्यायचे ठरवलंय. इंग्रजी मेसेजची फाइल भाषांतर करून घेतली, पण डिस्प्लेवर काही मेसेजच्या शेवटी चौकोन येतात, आणि काही वाक्यं वाचून कामगार हसतात.

ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत.

चौकोनांचं कारण बहुतेक बफर. 'मोटर गरम झाली' हे वाक्य घ्या. डोळ्याला लहान दिसतं, पण ११ खुणा गुणिले ३ अधिक २ जागा, म्हणजे ३५ बाइट. इंग्रजीसाठी ठेवलेला ३२ चा बफर असेल तर मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य सोडून ३१ बाइट जातात. 'झा' पर्यंत २९ होतात आणि 'ल' चे तीनपैकी दोनच बाइट आत शिरतात. तो अर्धा 'ल' म्हणजे तुमचा चौकोन. बफर वाढवा, आणि तरीही कापायची वेळ आली तर मागे सरकत शेवटच्या मोकळ्या जागेपाशी कापा. नुसतं अक्षराच्या सीमेवर कापलं तर काना-वेलांटी गळून भलताच शब्द उरतो.

हसण्याचं कारण मला पत्रातल्या एका नमुन्यावरून दिसलं: 'झाकण उघडला नाही'. इंग्रजी फाइलमध्ये एकच साचा होता, वस्तूचं नाव पहिल्या जागी आणि पुढे 'उघडलं नाही' या अर्थाचे ठरलेले शब्द. मराठीत दरवाजा उघडला नाही, खिडकी उघडली नाही, झाकण उघडलं नाही. साच्यात नाव बसवून मराठी वाक्य होत नाही. साठ दोष असतील तर साठ पूर्ण वाक्यं लिहा, साचे मोडून टाका. आकडे तेवढे साच्यात चालतात: 'तापमान %d अंश, मर्यादेच्या वर', यात %d च्या जागी आकडा येतो. आणि वाक्यं भाषांतर करणाऱ्याकडून घेऊ नका. भट्टीवरच्या माणसाला विचारा की हे झालं तर तुम्ही शेजारच्याला काय ओरडून सांगता. सांगलीच्या त्या पानावर 'लाईट कमी' होतं, आमच्या मॅन्युअलमध्ये 'न्यून विद्युतदाब'. पुढच्या आवृत्तीत मी 'लाईट कमी आहे' असंच घातलं.

डिस्प्ले १६ अक्षरं दोन ओळींचा जुना असेल तर मात्र मराठीचा नाद सोडा. त्यात स्वतःची अक्षरं आठच घालता येतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांत, जोडाक्षर बसतच नाही. १२८ बाय ६४ चा ग्राफिक डिस्प्ले घ्या. छोट्या चिपवर जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवणारी लायब्ररी बसवायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण मेसेज पीसीवरच चित्र म्हणून तयार करून चिपमध्ये टाका. १२८ बाय १६ ठिपक्यांची एक ओळ २५६ बाइटांत बसते, साठ ओळींना १५ केबी. मी दोन प्रॉडक्टमध्ये असंच केलंय, 'र्थ' आणि 'ष्ट' छापील पुस्तकासारखे दिसतात.

शेवटचं पत्र: मी इचलकरंजीत जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा) आहे. आमच्या शेडमध्ये बाहेरून आलेले जुने रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे) माग आहेत. स्क्रीनवर नंबर येतो आणि माग थांबतो. पुस्तक परक्या भाषेतलं आहे आणि निम्मं फाटलंय. आम्ही सॉफ्टवेअरवाले नाही. आम्ही काय करावं?

दादा, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण वरच्या सगळ्यांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

एक जाड वही घ्या आणि ती मागापाशीच दोरीने बांधून ठेवा. नंबर आला की पाच गोष्टी लिहा: माग क्रमांक, नंबर, वेळ, त्या क्षणी माग काय करत होता, आणि काय केल्यावर सुरू झाला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'आपोआप सुरू झाला' हेही लिहा. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, कारण परक्या भाषेतल्या ओळीतही उपयोगाचे आकडे असतात. रात्रपाळीच्या जॉबरलाही लिहायला लावा. एकाच नंबरला तीन-चार वेळा तोच उपाय लागू पडला की तो वेगळ्या कागदावर तुमच्या शब्दांत उतरवा आणि पॅनेलवर लावा. हात आत घालावा लागणार असेल तर पहिला शब्द 'मेन बंद' असू द्या. तोही लाल शाईत.

वहीची दहा-बारा पानं भरली की त्यांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. फाटक्या पुस्तकाच्या उरलेल्या पानांचेही पाठवा. नंबर कसे गटात लावलेत ते मी बघते. पुष्कळदा शंभरीचे नंबर एका भागाचे आणि दोनशेचे दुसऱ्या भागाचे असतात, आणि तेवढं कळलं तरी कुठलं झाकण आधी उघडायचं ते ठरतं.